घोड्यांच्या अंदाजाची जुनी पुस्तके : किंमत कशाची?

१९९४ साली अमेरिकेतील ॲकॅडेमिक प्रेसने ‘एफिशियन्सी ऑफ रेसट्रॅक बेटिंग मार्केट्स’ नावाचा एक जाडजूड ग्रंथ काढला. डोनाल्ड हॉश, व्हिक्टर लो आणि विल्यम झिएम्बा हे त्याचे संपादक. घोड्यांच्या शर्यतीवर लोक जे पैसे लावतात त्यावरून प्रत्येक घोड्याच्या जिंकण्याच्या शक्यतेचा अंदाज कितपत बरोबर निघतो, या विषयावर संख्याशास्त्रज्ञ, अर्थशास्त्रज्ञ व मानसशास्त्रज्ञांनी लिहिलेले निबंध त्यात एकत्र केले आहेत. पुढे हा ग्रंथ मिळेनासा झाला आणि जुन्या पुस्तकांच्या बाजारात त्याची किंमत मूळ किमतीच्या कित्येक पट झाली. २००८ साली वर्ल्ड सायंटिफिक या संस्थेने तो पुन्हा छापला, तेव्हा कोठे तो सहज मिळू लागला. सर्वांना ठाऊक झालेल्या माहितीला बाजारात किंमत उरत नाही, हे तत्त्व ज्या ग्रंथात पानोपानी तपासले आहे, त्याच्याच प्रतींसाठी लोक भरमसाट पैसे मोजत होते!

असे नशीब वाट्याला आलेले हे एकच पुस्तक नव्हे. घोड्यांच्या शर्यतींचे अंदाज कसे बांधावेत हे सांगणाऱ्या जुन्या इंग्रजी पुस्तकांचा, विशेषतः अमेरिकन पुस्तकांचा, संग्रह करणे आणि ती पुन्हा विकणे हा एक स्वतंत्र छंद आणि धंदा आहे. जॉन व एडना लकमन या दांपत्याने १९६४ साली लास वेगासमध्ये ‘गॅम्बलर्स बुक क्लब’ हे दुकान सुरू केले ते याच प्रकारच्या वाचकांसाठी. या पुस्तकांत नामांकित प्रकाशकांची कापडी बांधणीची पुस्तके आहेत, तशीच टंकलिखित पाने एकत्र बांधून टपालाने विकलेली चोपडीही आहेत. चोपडी थोडी छापली गेली, वापरून फाटली, रद्दीत गेली. म्हणून उरलेल्या प्रती महाग. इथपर्यंत जुनी नाणी आणि टपाल तिकिटे यांचाच न्याय लागू आहे आणि त्यात तक्रारीला जागा नाही. तक्रार पुढे सुरू होते. विक्रेता प्रतीचे वर्णन करताना ‘दुर्मिळ’ या शब्दावर थांबत नाही. आत एक विसरली गेलेली, फारशी कोणाला ठाऊक नसलेली आणि म्हणूनच अजून चालणारी पद्धत आहे, असे तो सुचवतो. पुस्तक दुर्मिळ म्हणून त्यातले ज्ञानही दुर्मिळ, आणि ज्ञान दुर्मिळ म्हणून ते खरे, अशी ही साखळी आहे. तिची एकेक कडी तपासणे हे आमच्या मते गणिताच्या व विज्ञानाच्या शिक्षकाचे काम आहे.

प्रथम शब्दाविषयी. मुंबईत महालक्ष्मीला किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर ‘हँडिकॅपर’ म्हणजे क्लबचा अधिकारी. चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन आणि कमकुवत घोड्यावर कमी वजन ठरवून तो शर्यत बरोबरीची करू पाहतो. अमेरिकन बोलीत मात्र पैसे लावण्याआधी घोड्यांचा अभ्यास करून अंदाज बांधणाऱ्यालाच हँडिकॅपर म्हणतात. एकजण फरक पुसण्याच्या खटपटीत, तर दुसरा उरलेला फरक शोधण्याच्या. आपण ज्या पुस्तकांविषयी बोलत आहोत ती या दुसऱ्या अर्थाची.

संग्राहकांचे लाडके सर्वांत जुने पुस्तक म्हणजे ‘पिट्सबर्ग फिल’ या टोपणनावाने प्रसिद्ध असलेल्या जॉर्ज ई. स्मिथ याची सूत्रे व पद्धती सांगणारे, एडवर्ड कोल याने संपादित केलेले १९०८ सालचे छोटे पुस्तक. स्मिथ १९०५ साली वारला तो मोठी संपत्ती मागे ठेवून. प्रत्येक शर्यतीची नोंद ठेवा, घोडा धावण्यापूर्वी तो स्वतः पाहा, प्रत्येक शर्यतीवर पैसे लावू नका, असा त्याचा सल्ला आहे. निरीक्षण आणि नोंद यांवरचा त्याचा भर आजही प्रयोगवहीच्या पहिल्या पानावर लिहावा असा. पण स्मिथ पैसे लावत होता ते मैदानावरील बुकींशी. बुकीने ‘एकास पाच’ म्हटले आणि सौदा झाला की तो भाव पक्का. योगायोग असा, की ज्या १९०८ साली हे पुस्तक निघाले त्याच साली न्यूयॉर्क राज्याने शर्यतींवरील जुगाराविरुद्ध कडक कायदा केला. १९११ व १९१२ या दोन वर्षांत तेथील रेसकोर्स बंदच होते. पुढे १९४० साली तेथे पैसे लावण्याची जी कायदेशीर व्यवस्था आली ती ‘टोट’ची, म्हणजे सामाईक निधीची. ज्या जगात ही सूत्रे चालत होती ते जग पुस्तकाची शाई वाळेपर्यंत मोडू लागले होते. विक्रेत्याच्या वर्णनात हे सहसा नसते.

टोटची रीत नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढचा सगळा मुद्दा तिच्यावर उभा आहे. १८६०च्या दशकात पॅरिसच्या जोसेफ ओलर याने ती काढली. सर्वांनी लावलेले पैसे एकत्र करायचे, त्यांतून क्लबचा व सरकारचा वाटा कापायचा आणि उरलेली रक्कम जिंकणाऱ्या घोड्यावर पैसे लावलेल्यांत वाटायची. समजा, एका शर्यतीवर एकूण १,००,००० रुपये जमले. २० टक्के कपात झाली, उरले ८०,०००. ‘अ’ घोड्यावर ४०,००० लागले असतील तर तो जिंकल्यावर रुपयाला दोन रुपये मिळतील. आता समजा, एका पुस्तकातील पद्धतीने काढले की ‘अ’ जिंकण्याची शक्यता ५२ टक्के आहे, आणि ते खरोखरच बरोबर आहे. मग प्रत्येक रुपयामागे सरासरी १.०४ रुपये परत येतील. चार पैसे फायदा. पद्धत चालते!

पण पुस्तक खपले. वाचकांनी त्याच घोड्यावर आणखी १०,००० रुपये लावले. एकूण झाले १,१०,०००, कपातीनंतर ८८,०००. ‘अ’वर आता ५०,००० आहेत, म्हणून रुपयाला १.७६ मिळतील. शक्यता तीच, ५२ टक्के. सरासरी परतावा ०.९२ रुपयांहून किंचित कमी. रुपयामागे आठ पैशांहून अधिक तोटा. घोडा पूर्वीइतकाच वेगाने धावत आहे, पुस्तकातले एक अक्षरही चुकलेले नाही, तरी पद्धत निकामी झाली.

शिक्षकांनी येथे क्षणभर थांबावे. आर्किमिडीजचे तत्त्व एकाला ठाऊक असो की सर्व जगाला, पाण्यात बुडवलेला दगड तेवढाच हलका होतो. ज्ञान वाटल्याने वाढते असे आपण मुलांना सांगतो, आणि विज्ञानाच्या बाबतीत ते खरेच आहे. शर्यतीच्या अंदाजात मात्र ज्ञान आणि त्याचा लाभ यांची फारकत होते. ज्ञान खरे राहते, पण लाभ पहिल्या काही माणसांतच संपतो. वाचकांना खऱ्या अर्थाने फायदा करून देणारे पुस्तक, ते वाचले जात असेल तर, फार काळ फायदा करून देऊ शकत नाही.

या कसोटीवर १९६०-७०च्या दशकांतील तीन पुस्तके पाहू. टॉम एन्स्ली याचे ‘कम्प्लीट गाइड टू थरोब्रेड रेसिंग’ १९६८ सालचे. एन्स्ली हे टोपणनाव. लेखकाचे खरे नाव रिचर्ड कार्टर. पोलिओची लस शोधणाऱ्या जोनास साल्क यांच्या कामावर १९६६ साली ‘ब्रेकथ्रू’ हे पुस्तक लिहिणारे कार्टर ते हेच. अंतर, अलीकडची कामगिरी, घोड्याचा दर्जा, वजन, जॉकी असे एकेक निकष लावून अपात्र घोडे वगळत जायचे ही त्यांची रीत. गद्य प्रसन्न आहे आणि यंत्रासारखी चालणारी ‘सिस्टिम’ विकण्याचा मोह त्यांनी टाळला आहे. निकषांना आकड्यांचा आधार मात्र पुष्कळदा तोकडा वाटतो. जाणकाराचे मत आणि तपासलेले निरीक्षण यांच्यातली रेघ पुसट राहते.

अँड्र्यू बेयर यांचे ‘पिकिंग विनर्स’ (१९७५) आम्हाला अधिक आवडते, कारण त्याच्या गाभ्याशी मोजमापाचा अस्सल प्रश्न आहे. सहा फर्लांग, म्हणजे सुमारे १२०० मीटर, एका घोड्याने काल १ मिनिट ११ सेकंदांत कापले आणि दुसऱ्याने आज १ मिनिट १२ सेकंदांत. पहिला अधिक वेगवान का? सांगता येत नाही. काल मैदान कडक असेल, आज ओले असेल. त्या दिवशी धावलेल्या सर्वच घोड्यांच्या वेळा पाहून मैदानाने किती वेळ वाढवला वा घटवला हे काढायचे, ती दुरुस्ती करायची आणि निरनिराळ्या अंतरांच्या वेळा एका मापावर आणायच्या. तापमापीची शून्य-त्रुटी वजा करण्यासारखेच हे काम आहे. १९९२पासून बेयर यांचे आकडे ‘डेली रेसिंग फॉर्म’ या वृत्तपत्रात प्रत्येक घोड्यापुढे छापून येऊ लागले. पूर्वी वही-पेन्सिल घेऊन रात्री जागवणाऱ्यालाच जे मिळत होते ते अंक विकत घेणाऱ्या प्रत्येकाच्या हाती आले. अशा परिस्थितीत ‘पिकिंग विनर्स’ची पहिली आवृत्ती जास्त पैसे देऊन घेणाऱ्याने ती इतिहास म्हणून घ्यावी.

तिसरे पुस्तक गणिताचे प्राध्यापक विल्यम क्विरिन यांचे ‘विनिंग ॲट द रेसेस’ (१९७९). ते रूक्ष आहे, पाने कोष्टकांनी भरलेली आहेत, आणि आमच्या मते शिक्षकाच्या कपाटात ठेवण्याच्या योग्यतेचे या तिघांत हेच. क्विरिन संगणकाच्या साहाय्याने मोठ्या संख्येने शर्यती तपासतात आणि प्रत्येक निकषाला एक प्रभावांक देतात. एखादा गुण धावणाऱ्या घोड्यांपैकी २० टक्क्यांत असेल आणि जिंकणाऱ्यांपैकी ३० टक्क्यांत, तर प्रभावांक ३० भागिले २०, म्हणजे १.५. एकपेक्षा जास्त अंक म्हणजे त्या गुणाचा जिंकण्याशी संबंध आहे. पण ते तेथेच थांबत नाहीत. त्या गुणाच्या सर्व घोड्यांवर पैसे लावले असते तर किती परत आले असते, हेही ते शेजारी देतात. प्रभावांक चांगला असूनही परतावा तोट्याचा, असे वारंवार दिसते. कारण उघड आहे. जो गुण ढळढळीत दिसतो तो गर्दीलाही दिसतो आणि भाव उतरतो. एका ओळीत शेजारी छापलेले हे दोन आकडे टपालाने विकल्या गेलेल्या चोपड्यांच्या ढिगापेक्षा अधिक शिकवतात.

त्या चोपड्यांत काय असते? गेल्या मोसमाचा हिशेब. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. शंभर शर्यती, प्रत्येकी एक रुपया, परत आले ११५. पंधरा टक्के नफा! पण त्यांत एका घोड्याने एकट्याने ३१ रुपये दिलेले असतात. तो वगळला तर उरतात ८४. शिवाय लेखकाने या नियमाआधी किती नियम करून पाहिले आणि टाकून दिले हे तो सांगत नाही. निव्वळ योगायोगाने चांगला दिसण्याची शक्यता पाच टक्के असलेले, एकमेकांशी संबंध नसलेले वीस नियम तपासले, तर त्यांपैकी निदान एक तरी चांगला दिसण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते (०.९५चा विसावा घात काढून एकातून वजा करा). आणि ज्यांचे नियम पुढच्या मोसमात बुडाले ते बहुधा पुस्तक लिहायला बसत नाहीत. संग्राहकाच्या फळीवर पोचते ते या दोन चाळण्यांतून उरलेले.

याचा अर्थ सगळेच नशीब, असा मात्र नव्हे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली, तामिळनाडूतील एका खटल्यात, घोड्यांच्या शर्यतीत कौशल्याचा भाग प्रधान आहे असा निर्णय दिला. कौशल्य आहे हे वरील पुस्तकेही दाखवतातच. पण कौशल्य आहे की नाही हा एक प्रश्न, आणि ते कपात भरून काढण्याइतके इतरांपेक्षा अधिक आहे का हा दुसरा. विक्रेते पहिल्याचे उत्तर दुसऱ्यासाठी वापरतात.

दुसऱ्या प्रश्नाचे होकारार्थी उत्तर देणारा एक निबंध सुरुवातीला सांगितलेल्या १९९४च्या ग्रंथातच आहे. तो बिल बेंटर यांचा. हाँगकाँगच्या शर्यतींवर त्यांनी संगणकाच्या आधारे वर्षानुवर्षे पैसे लावले आणि ते यशस्वी ठरले. त्यांनी आपल्या गणिताचे अंदाज एकटे न वापरता गर्दीच्या भावातून निघणाऱ्या अंदाजाशी जोडले. गर्दीला मूर्ख न समजता तिच्याजवळ आपल्याला नसलेली माहिती आहे असे धरले. पद्धत छापलेली आहे, कोणीही वाचावी. ती चालवण्यासाठी लागणारी माहिती गोळा करण्याचे व ती पुन्हा पुन्हा तपासण्याचे श्रम मात्र ग्रंथासोबत मिळत नाहीत, मग प्रत १९९४ची असो वा २००८ची.

वर्गात शर्यतीचा जुगार आणावा असे आम्ही मुळीच सुचवत नाही. शाळेच्या क्रीडास्पर्धांच्या जुन्या निकालवह्या पुरेशा आहेत. आतल्या धावपट्टीवरून धावणारी मुले अधिक जिंकतात का, याचा प्रभावांक अकरावीच्या मुलांना एका तासात काढता येईल. एका वर्षाच्या निकालांवरून सापडलेला नियम पुढच्या वर्षाच्या निकालांवर लावून पाहायला सांगावे. मोबाइलवर येणाऱ्या शेअरबाजाराच्या खात्रीच्या टिपांचे काय करायचे हा प्रश्न मग मुलेच विचारतील. टोटचे गणित फळ्यावर मांडायला दहा मिनिटे पुरतात.

आणि ज्यांना संग्रहच करायचा आहे त्यांना एक सूचना. समासात पेन्सिलीने लिहिलेली प्रत विक्रेते ‘खराब’ म्हणून स्वस्तात देतात. तीच घ्यावी. कोणत्या नियमापुढे बरोबरची खूण आहे, कोणत्या पानानंतर खुणा थांबल्या, हे कोऱ्या करकरीत प्रतीत वाचायला मिळत नाही.