कामाची पुस्तके आणि काम करणाऱ्यांची पुस्तके

उद्योग, काम आणि समाज या विषयावर काय वाचावे, असे एका विद्यार्थ्याने परवा विचारले. त्याच्या हातात एक यादी आधीच होती. कोणी तरी मोठ्या आस्थेने दिलेली. तीत उद्योगपतींची चरित्रे होती, व्यवस्थापनशास्त्राची चार-दोन पुस्तके होती आणि यशस्वी होण्याचे मार्ग सांगणारी बरीच होती. मालक, ग्राहक, भांडवल, नफा, सगळे जागच्या जागी होते. काम करणारा माणूस मात्र 'मनुष्यबळ' या एका शब्दात गाडून टाकला होता.

ही यादी फेकून द्यावी असे मी म्हणत नाही. भांडवल कसे चालते हे आपल्या पोरांना कळलेच पाहिजे. रुपयाच्या प्रश्नावर १९२३ साली ग्रंथ लिहिणाऱ्या माणसाचे आपण अनुयायी आहोत. अर्थशास्त्राला पाठ दाखवणे आपल्याला परवडणार नाही. परंतु पुस्तक हाती घेताना एक कसोटी लावली पाहिजे. जात ही कामांची वाटणी करून थांबत नाही, ती काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी करते आणि त्यांना एकाखाली एक रचते, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात मांडले. कामावरच्या ज्या पुस्तकाला ही रचना दिसतच नाही, त्या पुस्तकाला काम कळले असे कसे म्हणावे?

या कसोटीवर दोन मराठी पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत. पहिले त्रिंबक नारायण आत्रे यांचे 'गावगाडा' (१९१५), दुसरे दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८). दोघांचा विषय एकच आहे: गावात कोण कोणते काम करतो आणि त्याबद्दल त्याला काय मिळते.

आत्रे सरकारी कामानिमित्त खेडी हिंडलेले गृहस्थ. त्यांची नजर तीक्ष्ण, माहिती अफाट आणि भाषा अशी रोखठोक की आजच्या समाजशास्त्रज्ञांनी तिचा हेवा करावा. ते प्राचीन ग्रामव्यवस्थेचे गोडवे गात बसत नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. वंशपरंपरेच्या वतनाने काम बिघडते, गरज नसलेली माणसे गावाच्या अंगावर पडतात, तेव्हा वतनाचा हा सांगाडा मोडून कामाप्रमाणे दाम द्यावा, असे ते स्वच्छ सांगतात. निष्कर्ष आपल्याला पटणारा आहे. पण तो निघतो कोणत्या हिशेबातून? आत्र्यांचा कैवार कुणब्याचा. त्यांच्या वहीत कुणब्याच्या खळ्यातून किती धान्य बाहेर गेले याची काटेकोर नोंद आहे. ते धान्य नेणारा त्यांना भार वाटतो.

'बलुतं'मध्ये त्याच वहीचे दुसरे पान उघडते. महाराच्या कामाला वेळ नाही, सुटी नाही, 'हे माझे काम नव्हे' असे म्हणण्याची सोय नाही. सांगावा पोचवायचा, मढ्याची खबर घेऊन गावोगाव जायचे, मेलेले ढोर ओढायचे, अधिकारी आला की त्याच्या सरबराईला धावायचे. या सगळ्याची मजुरी म्हणून सुगीला जे मिळते ते हक्काचे असूनही मागूनच घ्यावे लागते, आणि देणारा शिव्या घालीत देतो. आत्र्यांनी धान्य मोजले, पवारांनी पायपीट मोजली. एक पुस्तक वाचून दुसरे न वाचणाऱ्याला अर्धाच हिशेब कळतो, आणि आमच्या विद्यापीठांतून पिढ्यान्‌पिढ्या हा अर्धाच हिशेब शिकवला गेला. ('बलुतं' आले तेव्हा आपल्यातल्याच काही शिकलेल्या मंडळींना ही घाण चव्हाट्यावर कशाला, असे वाटले होते, हेही इथे नोंदवून ठेवावे.)

महार वतनात दुरुस्ती करणारे विधेयक बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात १९२८ साली मांडले. कनिष्ठ गावकामगारांची वतने कायद्याने गेली ती १९५८ साली. मधल्या तीस वर्षांत किती माणसे या कामात खपली असतील, याचा अंदाज 'बलुतं' वाचून करावा.

वतन सोडून माणूस मुंबईला आला की जात सुटते, असा एक समज पुरोगामी मंडळींतही रूढ आहे. गिरणीचे उदाहरण घ्या. कापडखात्यात पगार बरा, पण तिथे अस्पृश्यांना मज्जाव होता. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि उष्ट्या धाग्याचा विटाळ सवर्ण विणकराला सोसत नसे. म्हणजे वाफेवर चालणारे यंत्र आले, तरी त्याच्यापुढे कोणी उभे राहायचे हे जातीनेच ठरवले. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला होता. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या माणसांना बोलते करून त्यांचा मौखिक इतिहास २००४ साली प्रसिद्ध केला. तो जरूर वाचावा. वाचताना कोण कोणत्या खात्यात होता, हे शोधत वाचावे.

बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा आणि अण्णा भाऊ साठ्यांची 'स्मशानातलं सोनं' या दोन्ही मी कामावरच्या वाचनातच धरतो. बागुलांचा नायक रेल्वेतल्या नोकरीवर रुजू होतो. काम त्याला येते, प्रश्न फक्त तो कोण हा असतो. अण्णा भाऊंचा भीमा दगडाची खाण बंद पडल्यावर मढी उकरून सोने काढतो, त्यात हाताची बोटे गमावतो, आणि मग खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी त्याला कळते. बेकारीवरचे इतके नेमके लिखाण अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकात मला आढळलेले नाही.

आता अलीकडच्या एका विचाराकडे वळतो. नोकरी मागू नका, देणारे व्हा. बाजाराला जात नसते, असे आपल्या तरुणांना सांगितले जाते. देवेश कपूर, डी. श्याम बाबू आणि चंद्रभान प्रसाद यांचे 'डिफाइंग द ऑड्स' (२०१४) हे दलित उद्योजकांच्या कथांचे पुस्तक या विचाराचे सर्वांत वाचनीय रूप आहे. ही माणसे खरी आहेत, त्यांची जिद्द खरी आहे, आणि दलित म्हणजे फक्त दैन्य या सवर्ण कल्पनेला त्यांनी दिलेला धक्का मला मनापासून आवडतो. तक्रार वेगळी आहे. हे मालकांचे पुस्तक आहे. त्यांच्या कारखान्यातल्या रोजंदारीच्या माणसाला काय वाटते, हे त्यातून कळत नाही. शिवाय वाट काढलेल्या माणसाकडे बोट दाखवले की वाट होतीच, असे वाचकाला वाटू लागते. २०१२ साली देशातील हजार मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात ९३ टक्के संचालक उच्च जातींचे निघाले. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी एकाच योग्यतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी खाजगी कंपन्यांकडे पाठवून पाहिले. दलित नावाच्या अर्जाला बोलावणे कमी आले (२००७). आडनाव वाचणारा बाजार जातीबाहेरचा कसा?

बाजारावरचे माझे आवडते पुस्तक ऊर्मिला पवारांचे 'आयदान' (२००३). नवरा गेल्यावर त्यांची आई बांबूची सुपे-टोपल्या विणून घर चालवते. माल, कारागीर, गिऱ्हाईक, किंमत, सगळे त्यात आहे. लहानगी ऊर्मिला तो माल पोचवायला जाते तेव्हा गिऱ्हाईक टोपलीवर पाणी शिंपडून ती आत घेते आणि पैसे वरून तिच्या हातावर टाकते. व्यवहार पुरा होतो. विद्यार्थ्याच्या यादीत हे पुस्तक मी सर्वांत वर लिहून दिले. त्याने यादी वाचली आणि विचारले, 'सर, हे तर आत्मचरित्र आहे ना?'