'देवमाणूस', वाई आणि सिलेक्शन बायस

पीएचडीला आलात की एक शब्द सतत कानावर पडेल : सिलेक्शन बायस, म्हणजे नमुना निवडतानाच शिरलेला कल. आज तो टीव्हीवरून समजून घेऊ.

झी मराठीवर ३१ ऑगस्ट २०२० ला 'देवमाणूस' सुरू झाली. डॉक्टर म्हणून गावाचा विश्वास कमावणारा आणि खून करणारा माणूस. किरण गायकवाडचं काम छानच होतं, त्यात वाद नाही. मालिकेचं मूळ वाईजवळच्या धोम प्रकरणात आहे, हे सगळीकडे बोललं गेलं. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढायचा, महाबळेश्वर-पाचगणी करत खाली उतरायचं की वाई. आपल्या महाड-पोलादपूरला ती लांबची बातमी नव्हतीच. जून २०१६ मध्ये अंगणवाडी सेविकांच्या एक नेत्या बेपत्ता झाल्या, आणि त्या तपासातून ऑगस्टमध्ये २००३ पासूनच्या सहा खुनांचा आरोप पुढे आला.

गुन्हेगारी मालिका लिहिणारे साधारण तीन बचाव करतात. प्रत्येकाकडे गृहीतक म्हणून बघा.

पहिला : 'हे काल्पनिक आहे.' मालिका आली तेव्हा खटला न्यायालयात चालूच होता. आपण कुणाची मुलाखत घ्यायची म्हटलं तरी आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आडवी येतात : संमती घ्या, ओळख लपवा. कलेलाही एथिक्स कमिटी लावा असं मी म्हणत नाही. तसं केलं तर सत्तेला टोचणारी एकही गोष्ट लिहून होणार नाही. पण नाव बदललं म्हणजे ओळख लपली, हे चूक. छोट्या तालुक्यात पेशा आणि घटनाक्रम एवढं पुरतं. तुमच्या डेटालाही हेच लागू आहे.

दुसरा : 'आम्ही जागृती करतो.' इथे रचना बघा. रोजची मालिका असते. खुनी पकडला की गोष्ट संपली. म्हणून तो सुटत राहायला हवा, पोलीस एक पाऊल मागे हवेत, गाव भोळं हवं. पहिलं पर्व १५ ऑगस्ट २०२१ पर्यंत चाललं, २०२५ मध्ये तिसरं आलं. लेखकाची नियत कितीही चांगली असो, फॉरमॅटच निष्कर्ष ठरवतो. खुनी नायक होतो आणि मेलेल्या बायका एकेक ट्रॅक होऊन संपतात. प्रत्यक्षात प्रकरण उघडलं ते एका बेपत्ता बाईचा शोध सोडून दिला गेला नाही म्हणून. जागृती करायचीच तर गोष्ट तिथून सुरू व्हायला हवी होती.

तिसरा : 'प्रेक्षकांना हेच हवंय.' टीआरपी मोजतो ते दाखवलेल्यातलं. जे दाखवलंच नाही, त्याची मागणी शून्य होती असं त्यावरून सिद्ध होत नाही. सिलेक्शन बायस म्हणतात तो हाच.

उदाहरण आपल्या दारातलं आहे. धोमची बातमी आली त्याच महिन्यात, २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री, महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल कोसळला. दोन एसटी बस आणि इतर वाहनं पुरात गेली. माणसं इथेही मेली, प्रश्न इथेही होते : जुना पूल वाहतुकीला चालू का होता, तपासणी कशी झाली? पण इथे देखणा खलनायक नाही. फाइल, शेरे आणि सह्या आहेत. त्यावर रोज रात्री साडेदहाला मालिका होत नाही. मग वर्षानुवर्षं बघून आपल्या डोक्यात बसतं की मरण म्हणजे कुणा एका विकृत माणसाचं काम. दुर्लक्षामुळे होणारं मरण गुन्हा वाटेनासंच होतं. माझा खरा आक्षेप रक्त दाखवण्यावर नाही, या सवयीवर आहे.

म्हणून रिसर्च प्रपोजल लिहायला बसाल तेव्हा एक करा. निवडलेल्या केसेसची यादी काढा आणि शेजारी लिहा : हीच केस का? 'कारण ती गाजली' एवढंच उत्तर आलं, तर थांबा आणि न गाजलेली एक शोधा.