‘एरिया सुधारला’ म्हणजे नेमकं काय झालं?



आजचा विषय तसा रोजच्या बोलण्यातला आहे. घर बघायला निघालेला माणूस भाव विचारायच्या आधी विचारतो, ‘एरिया कसा आहे?’ उत्तरंही ठरलेली असतात. ‘पूर्वी चांगला होता, आता बिघडलाय.’ किंवा, ‘पूर्वी नुसते राडे व्हायचे, आता सुधारलाय.’ चांगला, बिघडला, सुधारला. हे शब्द आपण इतक्या सहज वापरतो की त्यांच्या पोटात काय आहे ते बघायचं राहूनच जातं. आणि तत्त्वज्ञान शिकवणाऱ्याचा धंदाच हा, की सहज पुढे सरकणाऱ्या शब्दाला नाक्यावर थांबवायचं आणि त्याची झडती घ्यायची. ती आज आपण घेऊ.

उदाहरण म्हणून गिरणगाव घेतो आहोत. लालबाग, परळ, करी रोड, लोअर परळ, वरळी, भायखळ्याचा काही भाग. कारण एका माणसाच्या हयातीत या वस्तीला वरची तिन्ही प्रमाणपत्रं मिळाली आहेत. कावसजी दावर यांनी 1854 साली कापडगिरणीची कंपनी काढली, 1856 मध्ये ताडदेवला ती गिरणी सुरू झाली, आणि पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत कोकणातून, साताऱ्याहून, सांगली-कोल्हापुराकडून माणसं येत राहिली. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्यानंतर ते जुनं गिरणगाव पुन्हा उभं राहिलं नाही. आता तिथे मॉल आहेत, काचेची ऑफिसं आहेत, चाळीस-पन्नास मजली टॉवर आहेत. म्हणजे एरिया ‘सुधारला’.

वस्ती सुरक्षित कशी होते आणि बिघडते कशी, याविषयी जगभर दोन विचार फार गाजले. पहिला जेन जेकब्ज यांचा. न्यूयॉर्कच्या हडसन स्ट्रीटवर राहणाऱ्या या बाईंनी 1961 साली अमेरिकन शहरांच्या जगण्यामरण्यावर एक पुस्तक लिहिलं. त्यात त्या म्हणतात, की रस्ता मुळात पोलिसांमुळे सुरक्षित राहत नाही. दुकानदार, खिडकीतली बाई, येणारेजाणारे, या सगळ्यांच्या नजरेमुळे तो सुरक्षित राहतो. दुसरा विचार जेम्स विल्सन आणि जॉर्ज केलिंग यांचा. त्यांचा लेख मार्च 1982 मध्ये, म्हणजे आपला संप दोन महिन्यांचा असताना, ‘अटलांटिक’ मासिकात आला. त्यांचं म्हणणं असं: एक काच फुटली आणि ती तशीच राहू दिली, की इथे कुणाचं लक्ष नाही असा संदेश जातो, मग बाकीच्या काचा फुटतात आणि हळूहळू मोठे गुन्हे शिरतात. म्हणून बारीकसारीक बेशिस्तीलाच आधी आवरा.

हे दोन्ही विचार आपण गिरणगावाच्या दगडावर घासून बघू.

जेकब्ज बाईंचा विचार आपल्याला लगेच पटतो, कारण चाळ ही जणू त्यांच्यासाठीच बांधलेली. दहा बाय बाराची खोली, समोर लांबच लांब गॅलरी, टोकाला नळ आणि संडास, खाली ओटा, पुढे नाका. खोलीत मावत नाही म्हणून माणूस बाहेरच असतो. त्यात गिरण्यांच्या तीन पाळ्या. तिसरी पाळी सुटून येणारा आणि पहिल्या पाळीला निघालेला रस्त्यात एकमेकांना भेटणार. खाणावळवाल्या बाईची चूल पहाटेच पेटलेली, कारण तिच्या मेंबरांचे डबे पाळीप्रमाणे जाणार. म्हणजे रस्त्याला रात्र अशी नव्हतीच. जेकब्ज म्हणतात तशी वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या कामाने बाहेर पडणारी माणसं इथे भोंग्याच्या तालावर चोवीस तास होती.

इथपर्यंत ठीक. आता अडचण बघा.

1982 नंतर चाळी पडल्या का? नाही. गॅलऱ्या होत्या तिथेच होत्या. नळ, ओटा, नाका सगळं तसंच. बघणारे डोळे तर वाढले, कारण कामावर जाणारे घरी बसले. जेकब्ज यांच्या हिशेबाने गिरणगाव अधिक सुरक्षित व्हायला हवं होतं. झालं उलट. ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत याच चाळींतून टोळ्यांना पोरं मिळाली. खटाव मिलचे मालक सुनीत खटाव यांची 1994 मध्ये भर रस्त्यात हत्या झाली. दत्ता सामंतांची 1997 मध्ये झाली. मग एवढे डोळे काय करत होते?

डोळे बघत होते. बोलत नव्हते. कारण नजरेला धाक लागतो आणि धाकाला काहीतरी आधार लागतो. संपाआधी नाक्यावरचा एखादा जुना कामगार पोराला दरडावू शकत होता, कारण तोच उद्या जॉबरला सांगून त्या पोराला बदली म्हणून गिरणीत चिकटवू शकत होता. वाणी उधारी देत होता, कारण पगाराची तारीख ठरलेली होती. या देण्याघेण्यावर वडीलधाऱ्यांचा शब्द उभा होता. पगार थांबला, उधारी थांबली, खाणावळीचे मेंबर गावाला गेले. आणि मग ज्याला दरडावायचं, तोच पोरगा कुठूनतरी पैसे आणून घर चालवू लागला. आता त्याला कोण विचारणार, की बाबा रे, रात्री कुठे होतास?

जेकब्ज यांना हे अजिबात दिसलं नव्हतं, असं आम्ही म्हणणार नाही. वेळ आली तर शेजारपाजार आपल्या पाठीशी उभा राहील असा भरवसा असल्याशिवाय नजर कामाची नाही, हे त्या सांगतात. पण तो भरवसा रोजच्या ओळखीपाळखीतून येतो, असं त्यांचं गृहीत आहे. गिरणगावाची साक्ष वेगळी आहे. ओळखी राहिल्या, भरवसा गेला. कारण भरवसा नुसत्या ओळखीवर उभा नव्हता, तो रोजीवर उभा होता. जयंत पवारांचं ‘अधांतर’ हे नाटक आम्हांला या बाबतीत कित्येक नगररचनाकारांपेक्षा जास्त शिकवून जातं. संपानंतरचं एका गिरणी कामगाराचं घर, चाळीतली एक खोली, आणि त्या एका खोलीत आईच्या डोळ्यांदेखत हातातून निसटत जाणारी मुलं. त्या आईला दिसत नाही असं काही नाही. तिला सगळं दिसतं. तिच्या हातात काही उरलेलं नाही.

दुसरा आक्षेप याहून अवघड आहे, आणि चाळीच्या आठवणींनी डोळे ओले होणाऱ्या आपल्यासारख्यांनी तो ऐकलाच पाहिजे. नजर कोणावर असते? चाळीची नजर चोरावर होती तशी घरातल्या मुलीवरही होती. ती कुणाशी बोलली, किती वाजता आली, याचा हिशेब गॅलरी ठेवत होती. आणि आपलं कोण, परकं कोण, हेही तीच नजर ठरवत होती. जानेवारी 1974 मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींत दलित वस्तीवर हल्ले झाले, दंगल पेटली. तिथे डोळ्यांची कमतरता नव्हती. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबईभर जे झालं, तेव्हा कोणत्या खोलीत कोण राहतं ही माहिती शेजाऱ्यांनाच सर्वांत जास्त होती. म्हणजे ‘पूर्वी एरिया चांगला होता’ या वाक्यात एक शब्द गाळलेला असतो: कोणासाठी? तो शब्द परत बसवला की ते वाक्य पूर्वीसारखं गोड लागत नाही. खरं मात्र होतं.

आता फुटक्या काचेकडे. या विचाराचं बळ त्याच्या सोपेपणात आहे, आणि दोषही तिथेच आहे. तो चिन्हाला कारण समजतो. गिरणगावात काचा खरोखरच फुटल्या होत्या. बंद गिरण्यांच्या काचा, गंजलेली दारं, गवत माजलेली आवारं. पण काच फुटली म्हणून गिरणी बंद पडली का? गिरणी बंद पडली म्हणून काच तशीच राहिली. आणि गिरणी बंद ठेवण्यात कुणाचा फायदा होता, हा प्रश्न काचेकडे बघत बसलेल्याला पडतच नाही. त्याला दिसतो तो नाक्यावर उभा असलेला बेकार पोरगा. न्यूयॉर्कमध्ये नव्वदच्या दशकात हे धोरण राबवलं आणि गुन्हे घटले, असं सांगतात. पण ज्या अमेरिकन शहरांनी ते राबवलं नाही, तिथेही त्याच दशकात गुन्हे घटले.

आपल्याकडे काच नाही, नियम बदलला. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत अशी तरतूद होती, की गिरणीची जमीन विकासाला काढायची तर तिचे साधारण तीन वाटे व्हावेत: एक पालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. 2001 मध्ये तिच्यात दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीची राहिली. बांधकामाखालची जमीन वाटणीतून गेली, त्यामुळे शहराच्या वाट्याला फार थोडं आलं. प्रकरण कोर्टात गेलं आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. गिरणगावाचं रूप पालटण्यात या एका कलमाचा जेवढा वाटा आहे, तेवढा कुठल्याही गुंडाचा किंवा पोलिसाचा नाही. जिथे भोंगा होता तिथे बोलिंग ॲली आली. जवळच्या चाळीतला माणूस खोली विकून विरारला, डोंबिवलीला, बदलापूरला गेला.

आणि मग आपण म्हणायला लागलो की एरिया सुधारला. रात्री उशिरापर्यंत दिवे, दारात वॉचमन, कोपऱ्याकोपऱ्यावर कॅमेरा. एकही काच फुटलेली नाही. काचच काच आहे.

2017 हे साल आठवा. 29 सप्टेंबरला सकाळी ऐन गर्दीत, पावसात, एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि 23 माणसं गेली. बरोबर तीन महिन्यांनी, 29 डिसेंबरला मध्यरात्री, कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या पबला आग लागली आणि 14 जण गेले. या 37 माणसांना कोणत्या गुंडाने मारलं? गिरण्यांच्या जागी ऑफिसं आली, रोज हजारो माणसं तिथे उतरू लागली, जिना आणि पूल अरुंदच राहिले. गच्चीवर छप्पर घातलं, सुटायची वाट नीट ठेवली नाही. जिथे सुरक्षारक्षक सर्वांत जास्त, तिथे हे झालं. कारण आपण सुरक्षितता या शब्दाचा अर्थच आकसून टाकला. अनोळखी, गरीब दिसणारा माणूस आत येणार नाही, एवढाच अर्थ उरला. मग पुलाची रुंदी सुरक्षिततेत मोजलीच जात नाही.

मराठीत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत, ते वेगळे ठेवले तर पुष्कळ गोंधळ निवळेल. एक बंदोबस्त, दुसरा निर्धास्तपणा. बंदोबस्त विकत मिळतो: फाटक, वॉचमन, कॅमेरा, ॲपवरून परवानगी. निर्धास्तपणा विकत मिळत नाही. हॉब्ज या इंग्रज तत्त्वज्ञाने 1651 सालच्या आपल्या ग्रंथात वाचकाला विचारलंय, की देशात कायदा आहे, पोलीस-अंमलदार आहेत, हे ठाऊक असूनही तू रात्री दाराला कुलूप लावतोस, मग शेजाऱ्यांविषयी तुझं खरं मत काय? प्रश्न अचूक आहे. टॉवरमध्ये आपण तो जास्त काटेकोरपणे विचारायला हवा, कारण तिथे दार दिवसाही बंदच असतं. आणि ॲरिस्टॉटलची एक गोष्ट सोबत ठेवावी. नगर एकसारख्या माणसांचं बनत नाही, भिन्न प्रकारच्या माणसांचं बनतं, असं तो सांगतो. ज्या वस्तीतून भिन्न माणसं काढून टाकूनच शांतता आली, ती शांत असेल. ती नगर राहिली का, हे विचारावं लागेल.

हे सगळं केवळ जुन्या काळाचं मूल्यमापन नाही. बीडीडीच्या 207 चाळी होत्या. 160 चौरस फुटांच्या खोल्यांतली माणसं आता 500 चौरस फुटांच्या घरांत जात आहेत. वरळीत पहिल्या काही शे कुटुंबांना ऑगस्ट 2025 मध्ये चाव्या मिळाल्या. यावर नाक मुरडणाऱ्यांशी आमचं भांडण आहे. घरात स्वतःचा संडास असणं, मुलीला कपडे बदलायला आडोसा असणं, यात निर्धास्तपणाचा फार मोठा भाग आहे. चाळीच्या आठवणी काढणारे आपण बहुतेक जण स्वतः चाळ सोडून गेलेले आहोत, हे विसरू नये. पण चाळीस मजल्यांवर गेलेल्या त्या माणसांना देखभालखर्च पुढची वीस वर्षं झेपेल का? खाली रोजीचं काही साधन आहे का? लिफ्ट बंद पडली, आग लागली, तर पन्नाशीची बाई जिन्याने किती वेळात खाली येईल? ते इथे राहतील, की पुढच्या दहा वर्षांत तेही बदलापूरचा रस्ता धरतील? वस्ती सुरक्षित आहे का, याचं उत्तर या प्रश्नांत आहे, फाटकाच्या उंचीत नाही.

तेव्हा आपल्यापैकी कुणी उद्या म्हणालं की अमुक एरिया सुधारला, तर वाद घालू नका. तीनच गोष्टी विचारा. पूर्वी तिथे राहणारे आता कुठे आहेत? आता राहणाऱ्यांची रोजी कशावर चालते? आणि अडचणीच्या वेळी तिथे कोण कुणाचं दार वाजवू शकतं? तिन्ही उत्तरं बरी आली, तर खुशाल सुधारला म्हणा. पहिल्याच प्रश्नाला गप्प बसावं लागलं, तर एरिया सुधारला नाही, एरियातली माणसं बदलली, एवढंच म्हणावं.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न येऊ द्यात. विशेषतः जे त्या भागात अजून राहतात त्यांनी आधी बोलावं, आम्ही ऐकतो.