पत्र्याची कड

वीतभर रुंद आणि हातभर लांब असा पत्र्याचा तुकडा. तेलाच्या पंधरा किलोच्या डब्यातून कापलेला. मागच्या बाजूला सूर्यफुलाची एक पाकळी अजून पुसट दिसते. एक लांब कड कानशीनं घासून सरळ केलेली. तिच्या समोरची कड दोनदा दुमडून हातोडीनं ठोकलेली, म्हणजे धरताना बोट कापू नये. चारही कोपरे गोल. आमच्या घराच्या चौकटी रंगवायला आलेले पेंटरमामा पावसाची झड लागली म्हणून तीन दिवस फिरकले नाहीत. त्यांची पिशवी ओसरीवर राहिली आणि पिशवीच्या तोंडाशी हा पत्रा. जाताना म्हणाले होते, "राहू द्या ताई इथंच. रस्त्यानं भिजंल."

चौकटीला तेलरंग देताना शेजारच्या भिंतीला ब्रश लागू नये म्हणून मधे धरायचा हा पत्रा. त्याला वेगळं नाव नाही. मामा त्याला पत्राच म्हणतात.

दहावीच्या वर्गात मी बरीच वर्षं कवितेचं रसग्रहण शिकवलं. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये अशा पायऱ्यांनी मुलं उत्तर लिहीत. मी त्यांना सांगायची, पायऱ्या नंतर. आधी ओळ दोनदा वाचा आणि ती कुठे थांबते ते बघा. या तीन दिवसांत मी पत्र्याचं तेच केलं. तो कुठे थांबतो, हेच तर त्याचं सगळं आहे.

आमचं पिंपळगाव रेणुकाई भोकरदन तालुक्यात, हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी ओळखलं जाणारं गाव. इथून मिरचीच्या गाड्या परराज्यांत जातात. मिरचीचा पैसा हाती आला की तो आधी उधारीत जातो, मग औषध-खतांच्या दुकानात, आणि काही उरलाच तर नवरात्राच्या आत घराला रंग. रेणुकाईच्या नावाच्या गावात घटस्थापनेआधी दार उजळलेलं असावं, असं प्रत्येक घरातल्या बाईला वाटतं. मलाही वाटतं. यंदा भिंती पिस्ता रंगाच्या झाल्या आणि चौकटी चॉकलेटी करायच्या ठरल्या. गडद रंग फिक्याशेजारी आला की चूक लपत नाही.

पाऊस लागायच्या आधी दीड दिवस मी मामांचं काम बघत होते. डाव्या हातात पत्रा, उजव्या हातात ब्रश. पत्र्याची घासलेली कड चौकट आणि भिंत यांच्या सांध्यात बसवायची, बसवताना पत्रा किंचित कलता धरायचा, अंगठ्यानं मधोमध हलका दाब द्यायचा. ब्रश डब्यात फक्त टोकाला बुडवून डब्याच्या काठावर दोन्ही बाजूंनी निपटायचा. मग पहिला फटकारा पत्र्यापासून लाकडाकडे, कधीही लाकडाकडून पत्र्याकडे नाही. हातभर कड झाली की पत्रा भिंतीवरून घसरवत न्यायचा नाही. सरळ उचलायचा, उजव्या खांद्यावरच्या चिंधीनं पुसायचा आणि पुढे पुन्हा बसवायचा. उचलणं, पुसणं, बसवणं. एका चौकटीला मी हे सतरा वेळा मोजलं, आणि सतराही वेळा ते पुसणं सारखंच होतं. सोळावी वेळ आहे, आता कंटाळा आला, असं हातात कुठेही दिसलं नाही.

मी विचारलं, "मामा, दर वेळी पुसायलाच पाहिजे का?"

"पुसल्याबिगर पुढं सरकायचं न्हाई ताई. घाण पत्र्यापरीस पत्रा नसलेला बरा."

या उत्तराचा अर्थ मला माझ्याच अनुभवातून माहीत होता. काही वर्षांपूर्वी स्वयंपाकघरातली खिडकी मी स्वतः रंगवायला घेतली होती. आडोशाला लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा धरला. पहिल्या चार फटकाऱ्यांत रेघ अशी देखणी आली की मी हरखले. पाचव्याला पुठ्ठ्यानं रंग प्यायला, त्याची कड फुगली, आणि उचलला तर खाली भिंतीवर बोटाएवढा तपकिरी ओघळ. त्यावर मी ओली चिंधी फिरवली आणि तो तळहाताएवढा झाला. तो डाग मला पुढे दोन दिवाळ्या दिसत राहिला.

रंग आडोशाच्या खाली का जातो? दिव्याची वात तेल वर ओढते त्याच न्यायानं. दोन पृष्ठभाग एकमेकांना जवळजवळ टेकले की मधल्या अरुंद फटीत द्रव आपोआप खेचला जातो, आणि फट जितकी अरुंद तितकी ओढ जास्त. म्हणून पत्र्याच्या कडेला रंगाचा एखादा थेंब राहिला आणि तीच कड पुन्हा भिंतीला टेकवली, तर आपण नकळत वात लावून देतो. भिंत वाचवायला आणलेली वस्तू भिंतीवर रंग घेऊन जाते. जाड लोखंडी पट्टी यावर उपाय वाटते, पण नाही. खेड्यातला गिलावा कुठे फुगतो, कुठे खपली सोडतो. ताठ पट्टी दोन उंचवट्यांवर टेकते आणि मधे फट सोडते. डब्याचा पत्रा पाव मिलिमीटरच्या आसपास जाड असतो. तो अंगठ्याच्या दाबानं भिंतीप्रमाणे वाकतो आणि सोडला की सरळ होतो. वाकण्याची तयारी आणि सरळ होण्याची आठवण, दोन्ही एकाच पातळ वस्तूत असणं, हा मला त्यातला पहिला अलंकार वाटला.

दुसऱ्या दिवशी, बाहेर पाऊस कोसळत असताना, मी पत्रा उजेडात धरला. काम करणारी कड स्वच्छ, चंदेरी, मधेमधे गंजाचे दोनच ठिपके. तिच्यावर दोन बोटं जागा पुसून पुसून गुळगुळीत झालेली. आणि त्याच्यावर, जिथे चिंधी पोचत नाही तिथून, रंगांचा खडक सुरू होतो. एका ठिकाणी टवका उडालाय, तिथे थर मोजता येतात. सर्वांत वर आमचा चॉकलेटी. त्याखाली राखाडी, मग पोपटी, मग पांढऱ्याचे दोन, मग आकाशी, पुन्हा चॉकलेटी पण जरा लालसर, मग भगव्याची एक बारीक रेघ, आणि टवक्याच्या तळाशी रेड ऑक्साइडची विटकरी फिकट पट्टी. त्याखालचं मोजता आलं नाही. तेलरंगाचा एक हात वाळल्यावर साधारण २५ ते ३० मायक्रॉन जाड उरतो, म्हणजे एक मिलिमीटर भरायला तेहतीस ते चाळीस हात लागतात. इथे खडक दीड मिलिमीटर तरी असेल. ज्या क्रमानं गावातल्या चौकटी रंगल्या त्या क्रमानं ते थर बसलेत. पोपटी घर कुठलं, ते मी गल्लीत डोकावून सांगू शकते. भगवी रेघ कुठल्या दाराची, हे मामांनाच माहीत.

हे थर नखानं खरवडून बघायचा मोह झाला होता, तो आवरला. जुन्या तेलरंगांत शिसं असे. घरगुती रंगातल्या शिशाचं प्रमाण दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त नको, हा नियम आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीचे रंग कोरडे घासून त्यांची पूड हातावर, नाकात घेऊ नये, विशेषतः घरात लहान मूल असताना.

मला जास्त विचार करायला लावला तो पत्र्याच्या वयानं. तेलरंग घराघरांत येण्याआधी या आडोशाची कुणाला गरजच नव्हती. आईच्या काळात आमचं घर धाब्याचं. दसऱ्याआधी भिंती पांढऱ्या मातीनं पोतारायच्या आणि खाली हातभर उंचीचा गेरूचा पट्टा द्यायचा, म्हणजे पावसाचे शिंतोडे आणि चिखल पांढऱ्यावर दिसू नयेत. पट्ट्याची वरची रेघ सरळ यावी म्हणून गेरूत भिजवलेलं सूत दोघी दोन टोकांना ताणून धरत आणि तिसरी मधे टिचकी मारी. भिंतीवर लाल रेघ उमटे. तिच्या खाली हातानं गेरू फिरवायचा. कुठे रेघ ओलांडून चार बोटं लाल वर गेलं तरी कुणी हळहळत नसे. पुढच्या वर्षी सगळं पुन्हा पोतारायचंच होतं. चूक वर्षभराची असे. तेलरंगानं चुकीचं आयुष्य वाढवलं. म्हणून पत्रा आला.

अजिंठ्याची लेणी आमच्याकडून फार लांब नाहीत. तिथल्या चित्रकारांनी मातीच्या गिलाव्यावर पातळ पांढरा लेप देऊन आधी गेरूनं आकार रेखले, मग रंग भरले, आणि शेवटी आकृतीची बाह्यरेषा पुन्हा गडद काढली. दोन रंग जिथे भेटतात तिथला सगळा गोंधळ त्या शेवटच्या रेषेखाली झाकला जातो, आणि रेषा स्वतः सौंदर्य होते. पैठणीचा विणकर आणखी वेगळा मार्ग घेतो. कडियल विणीत काठाचा धागा आणि अंगाचा धागा एकमेकांत अडकवून परत फिरवतात. रंग भेटतात, मिसळत नाहीत. चौकट रंगवणाऱ्याला यातलं काहीच मिळत नाही. चॉकलेटी आणि पिस्ता यांच्यामधे त्याला तिसरी रेषा काढता येत नाही आणि धागा तर नाहीच. दोन रंग उघड्यानं शेजारी उभे राहणार. त्या क्षणापुरता कुणीतरी मधे उभा राहायला हवा आणि काम झालं की त्यानं निघून जायला हवं.

हेच काम चिकटपट्टीही करते. अमेरिकेत १९२० च्या दशकात दोन रंगांच्या मोटारी लोकांना आवडू लागल्या, आणि रंगाऱ्यांनी लावलेला कागद निघताना ताजा रंगही उचलून नेई. त्यांची ती अडचण बघून रिचर्ड ड्रू या थ्री-एम कंपनीतल्या तरुणानं १९२५ मध्ये सहज निघणारी मास्किंग टेप तयार केली. शहरात ती सगळीकडे वापरतात. आमच्या भिंतींवर तिचं फारसं जमत नाही. चुन्याच्या किंवा स्वस्त डिस्टेंपरच्या भिंतीची भुकटी तिला लागते, ती धड चिकटत नाही, आणि चिकटली तर निघताना खपलीच घेऊन येते. शिवाय एकदा ओढून काढली की तिचा बोळा. मोठ्या दुकानांत हँडल बसवलेली ॲल्युमिनियमची दोन-दोन फुटांची पट्टी मिळते, ती पुन्हापुन्हा वापरता येते. मामांच्या पिशवीत पत्र्याच्या जोडीला एक जुनी एक्स-रे फिल्मही आहे, खिडकीच्या गजांमागे काचेला लावायची. फिल्मवर रंग मुरत नाही, पुसला की जातो. तिच्यात कुणाच्या तरी बरगड्या अजून दिसतात. ती बघताना मला जरा चरकायला झालं, पण मामा तिलाही पत्र्याइतकंच जपून गुंडाळतात.

फरशीवर मात्र आम्ही शेतातलं जुनं मल्चिंग पेपर अंथरलं होतं. मिरचीच्या गादीवाफ्यावर पसरतात ते, वरून चंदेरी आणि आतून काळं. चंदेरी बाजू उजेड परतवते म्हणून फुलकिडे कमी येतात, काळी बाजू उजेड अडवते म्हणून तण उगवत नाही. रोपासाठी पाडलेली भोकं त्यात तशीच होती, आणि प्रत्येक भोकाखाली शहाबादीवर चॉकलेटी ठिपका पडला. एका हंगामापुरतं झाकणारं आणि दर फटकाऱ्याला नव्यानं झाकणारं, यांतला फरक त्या ठिपक्यांनी मला दाखवला. मल्चिंग पेपर एकदा अंथरलं की विसरता येतं. पत्रा विसरता येत नाही.

भाषेबद्दलही लिहायला हवं, कारण मामांची भाषा ऐकून मी वही काढली होती. रंगाचा थर म्हणजे 'हात'. पहिला हात, दुसरा हात. भिंत रंग 'पिते'. भेगांत 'लांबी भरतात'. आणि कड 'धरतात' किंवा कड 'सुटते'. धरणं माणसाकडे, सुटणं कडेकडे. चूक झाली तर मामा 'मी सोडली' म्हणत नाहीत, 'सुटली' म्हणतात, पण लगेच रॉकेलचा बोळा घेऊन तेच वाकतात. चूक पत्करायची ही पद्धत मला फार आवडली. शब्दात कुणावर ठपका नाही आणि कृतीत टाळाटाळ नाही.

काश्मीरच्या क्षेमेंद्रानं अकराव्या शतकात 'औचित्यविचारचर्चा' लिहून काव्याचा प्राण औचित्यात पाहिला. जे जिथे शोभतं तिथेच ते असावं. हा विचार मी वर्गात अनेकदा समजावला आणि दर वेळी उदाहरणं कवितेतलीच दिली. आता दिलं तर पत्र्याचं देईन. रेघ काढण्याचा मान तो घेत नाही. रेघ चौकटीची आहे, सुतारानं रंधा मारला तेव्हाच ती तयार झाली. पत्रा फक्त चॉकलेटीला चॉकलेटीच्या जागी ठेवतो. काम संपल्यावर भिंतीकडे बघून कुणालाही कळणार नाही की इथे सतरा वेळा एक पत्रा टेकला होता.

चौथ्या दिवशी उघडीप मिळाली. मामा आले, पत्रा पिशवीबाहेर बघून हसले, कडेवरून अंगठा फिरवला आणि कामाला लागले. संध्याकाळपर्यंत पुढच्या दाराची चौकट संपत आली. वरच्या उजव्या कोपऱ्यात विजेच्या वायरची प्लास्टिकची पट्टी चौकटीला अगदी खेटून गेली आहे. त्या चार बोटांत पत्रा शिरेना. आडवा धरून पाहिला, उभा धरून पाहिला. मग मामांनी पत्रा पुसला, पिशवीत ठेवला, सगळ्यांत बारीक ब्रश काढला, डावा हात भिंतीला टेकवला आणि श्वास रोखून ती चार बोटं नुसत्या हातानं ओढली.

आता दारात उभं राहिलं की माझी नजर आधी तिथे जाते. सबंध चौकटीची कड सरळ आहे. त्या कोपऱ्यात ती किंचित थरथरली आहे.