आपल्या बाजूचा प्रेक्षक

निवडणुकीतली वादसभा नि:पक्षपाती मनाने पाहावी, असे सांगण्याची रीत आहे. कॅनडातील दूरचित्रवाणीवर गाजलेल्या वादसभांचा विचार करताना मला नेमके उलटे वाटते. त्या सभेचा खरा प्रेक्षक म्हणजे एखाद्या पक्षाचा कट्टर अभिमानी. तटस्थ माणूस वाद नुसता ऐकतो; अभिमानी जीव मुठीत धरून बसतो. वक्तृत्वस्पर्धेत आपले पोर आता अडखळणार, हे परीक्षकाच्या आधी आईला कळते. तशातलाच हा प्रकार.

या प्रथेला तिथे १९६८ साली आरंभ झाला. पण खरा रंग भरला तो २५ जुलै १९८४च्या रात्री. लिबरल पक्षाचे जॉन टर्नर तेव्हा पंतप्रधान होते. समोर ब्रायन मल्रोनी. टर्नर यांच्या आधीचे पंतप्रधान ट्रूडो यांनी जाताजाता पक्षातल्या मंडळींची सरकारी जागांवर सोय लावून दिली होती, आणि राहिलेल्या नेमणुका टर्नर यांनी पुऱ्या केल्या होत्या. गंमत अशी की, वशिल्याचा विषय त्या रात्री टर्नर यांनीच काढला! मल्रोनींनी तो त्यांच्यावरच उलटवला. मला दुसरा पर्याय नव्हता, असे टर्नर म्हणाले. पर्याय होता, नाही म्हणता आले असते, हे मल्रोनींचे उत्तर.

मल्रोनींच्या या उत्तराचे कौतुक फार झाले. माझ्या मते घाव त्याच्या आधीच बसला होता. 'पर्याय नव्हता' हे शब्द कानी पडताच ज्याच्या पोटात गोळा आला, तो लिबरल अभिमानीच असला पाहिजे. त्या नेमणुका त्यालाही मनातून पटल्या नसतील, तर त्याने करावे काय? मल्रोनी उद्धट आहेत, एवढेच म्हणायचे उरते. सप्टेंबरात मल्रोनींच्या पक्षाला २८२पैकी २११ जागा मिळाल्या. एका वाक्याने हे सारे घडले, असे मानणे भाबडेपणाचे होईल. १९६३पासून, मधले काही महिने सोडता, लिबरलांचेच राज्य होते.

ऑक्टोबर १९८८मध्ये तेच दोघे पुन्हा समोरासमोर आले. विषय अमेरिकेशी मुक्त व्यापाराचा. या खेपेला टर्नर तडफेने बोलले. तुम्ही आम्हांला विकलेत, असे त्यांनी मल्रोनींना तोंडावर सुनावले. लिबरलांचे पारडे काही दिवस वर गेले. पण भीतीने जे दिसते ते आनंदात दिसत नाही. करार फाडून टाकू म्हणणाऱ्या नेत्याला टाळी देताना, फाडल्यावर पुढे काय, हे कोण विचारतो? नोव्हेंबरात मल्रोनीच पुन्हा आले. २९५पैकी १६९ जागा घेऊन. अर्थात लिबरलांची चडफड अगदीच पोकळ नव्हती. कराराला विरोध करणाऱ्या दोन मोठ्या पक्षांची मते एकत्र केली, तर ती मल्रोनींच्या पक्षाहून जास्त भरत होती.

असो. १६ एप्रिल २०२५ रोजी फ्रेंच भाषेतली वादसभा होती. त्याच रात्री माँट्रिऑलच्या संघाचा हॉकीचा सामना, म्हणून सभाच दोन तास अलीकडे ओढावी लागली. दोन्ही खेळ एकाच खुर्चीत बसून पाहणारे तिथे पुष्कळ असणार. पंचावर ओरडून बसलेला घसा मधे शेकायलाही बिचाऱ्यांना सवड मिळाली नसेल.