दत्तक कोणासाठी? वारसा, पैसा आणि जीवाश्म

आज आपण एक शब्द तपासायला घेऊ: दत्तक. २०१७ साली केंद्र सरकारने ‘अपनी धरोहर, अपनी पहचान’ ही योजना आणली आणि उद्योगांना सांगितलं, स्मारकं दत्तक घ्या. पुढच्याच वर्षी दालमिया भारत समूहाने लाल किल्ल्यासाठी करार केला, पाच वर्षांत २५ कोटींचा. ‘किल्ला विकला’ अशी ओरड झाली. ती चुकीची होती. मालकी सरकारचीच राहिली. कंपनीकडे आली ती पिण्याचं पाणी, स्वच्छतागृहं, दिवे, माहितीफलक अशी कामं. आपली हरकत वेगळी आहे.

जुन्या काळी आपल्याकडे दत्तक का घेत? पोरक्या मुलाची दया येऊन नव्हे, तर निपुत्रिकाला नाव चालवायला वारस हवा म्हणून. म्हणजे गरज घेणाऱ्याची. शब्द निवडणाऱ्यांच्या हे मनात नसेलही, पण योजनेचं मर्म त्यात उघडं पडलंय. ज्याला नाव दिसायला हवं, तो गर्दी असेल तिथेच जाणार ना?

आता गडचिरोलीत सिरोंचा तालुक्यात जाऊ. तिथल्या कोटा गावाच्या परिसरातल्या खडकांत ज्युरासिक काळातले मासे आणि डायनोसॉर यांचे जीवाश्म मिळाले आहेत. जवळच वडधमला जीवाश्म उद्यान आहे. इथे रोषणाई करून काय उपयोग? इथे लागतो राखणदार, नोंदी ठेवणारा जाणकार, आणि सापडलेली वस्तू नीट ठेवायला खोली. शिवाय ढासळलेली कमान पुन्हा बांधणारा गवंडी मिळतो. फुटलेल्या जीवाश्माला कारागीर नाही. कायद्याचंही तसंच. स्मारकांचा १९५८ चा कायदा माणसाने घडवलेल्या गोष्टी समोर ठेवून लिहिलेला. भूवारशासाठी वेगळ्या विधेयकाचा मसुदा यायला २०२२ उजाडलं, आणि तो मांडला कोणी? खाण मंत्रालयाने!

कोणी म्हणेल, सरकारकडे पैसा नाही, मग भागीदारी नको का? हवी. राष्ट्रीय संस्कृती निधी १९९६ साली त्यासाठीच स्थापन झाला. त्याच्या चौकटीत आगाखान ट्रस्टने हुमायूनच्या कबरीची बाग, तिचे पाट, विहिरी पुन्हा जिवंत केल्या. ते काम २००३ मध्ये पुरं झालं. पुढे ट्रस्ट शेजारच्या निजामुद्दीन वस्तीतही शाळा-आरोग्याच्या कामात उतरला. फरक रकमेपेक्षा वृत्तीत आहे. तिथे जाणकारी होती आणि टिकून राहण्याची तयारी होती.

म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. गर्दीचं स्मारक मागणाऱ्याने, ज्याच्याकडे कोणी फिरकत नाही असं एक ठिकाणही सांभाळावं. ही अट करारातच असावी. आणि जिथे भागीदार येणारच नाही, तिथे सरकारने आधी पैसा घालावा. सार्वजनिक पैशाचं खरं काम तेच, बाजाराला जे दिसत नाही ते राखणं.

असा एखादा करार वाचनात आला तर फलकावर कोणाचं नाव आहे, हे नंतर पाहू. आधी विचारू: राखणदाराचा पगार कोण देतो, आणि किती वर्षं?