‘धान्यविरहित’ शब्दाची तपासणी

अमळनेरच्या घरांत मांजरापुढे दूध-भाकरी ठेवण्याची रीत जुनी. आता ओल्या खाद्याची पाकिटे मिळतात व काहींवर ‘धान्यविरहित’ असे ठळक छापलेले असते. आमचा आक्षेप या शब्दावर आहे.

मांजर मांसाहारी आहे, हे खरे. टॉरिन हे द्रव्य त्याच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही. टॉरिन कमी पडल्यास त्याचे हृदय दुबळे होते, हे १९८७ साली अमेरिकेतील संशोधनातून दिसून आले. टॉरिन मांस-मासळीतून मिळते, भाकरीतून नाही. म्हणून नुसती दूध-भाकरी अपुरी. परंतु ‘धान्य नाही’ म्हणजे ‘मांस भरपूर आहे’ असे नव्हे. धान्याऐवजी बटाटा किंवा वाटाणा घातलेला असू शकतो. पिष्ट ते पिष्टच. आणि शिजवलेले पिष्ट थोड्या प्रमाणात मांजराला पचते.

मग वाचावे काय? ‘प्रौढ मांजरासाठी संपूर्ण व संतुलित आहार’ हे शब्द, आणि आकडे. समजा, ओल्या खाद्यात पाणी ८० टक्के व प्रथिने १० टक्के आहेत. कोरडा भाग उरला २०. त्यात प्रथिने निम्मी. सुक्या खाद्यात पाणी १० व प्रथिने ३० टक्के असतील, तर कोरड्या भागात ती एक तृतीयांशच. म्हणजे इथे १० हे ३० पेक्षा सरस ठरले!

ओल्या खाद्याचा मोठा गुण त्यातील पाणी. मांजर पाणी कमी पिते. खानदेशी उन्हाळ्यात हे महत्त्वाचे. मात्र उघडलेले खाद्य उन्हाळ्यात लवकर नासते.

शिक्षकांनी अशी रिकामी पाकिटे वर्गात आणून शेकडेवारीचे हे गणित जरूर करून घ्यावे.